तुम्ही विचारलंत म्हणून: नोटांचे नंबर लिहून मिळतं काय?

ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाचीच्या बारशाला, आणि परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत बसलो असतानाही प्रश्न तोच. "युरोच्या नोटांचे नंबर लिहून ठेवता म्हणे. त्यातून तुम्हाला मिळतं काय?"

पैसे मिळत नाहीत, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. युरोबिलट्रॅकर नावाची साइट आहे. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा लोकांच्या हातात आल्या, त्याच दिवशी ती सुरू झाली. आपल्याकडे आलेल्या नोटेचा नंबर, तिच्यावर बारीक अक्षरात छापलेला छोटा कोड आणि आपण असू ते गाव तिथे नोंदवायचं आणि नोट खर्च करून टाकायची. पुढे कधी, कुठेही, दुसऱ्या कुणी तीच नोट नोंदवली की दोघांनाही मेल येते. याला हिट म्हणतात. २०११ मध्ये कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा जर्मनीतल्या आउग्सबुर्गला गेलो, तेव्हा तिथल्या एका फोरमनने हे शिकवलं. तेव्हापासून माझ्या ६,४१२ नोटा झाल्या आणि ३४ हिट.

"फक्त चौतीस?" हो, चौतीस. पक्षी बघायला पहाटे चारला उठून भिगवणला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही की फ्लेमिंगो दिसून तुला मिळालं काय. मलाच का विचारतात?

नोट हातात घेऊन बघा म्हणजे कळेल. पहिल्या मालिकेच्या नोटांवर नंबराच्या आधी एक अक्षर असे आणि त्यावरून ती कोणत्या देशाची ते समजे. एक्स जर्मनी, यू फ्रान्स, एस इटली, व्ही स्पेन, एल फिनलंड. एक्सवाल्या नोटेचे अकरा आकडे मिळवत मिळवत एका अंकावर आणले, तर उत्तर २ च येणार. नाही आलं तर नंबर लिहिताना चूक झाली किंवा नोट खोटी. २०१३ मध्ये पाचाची नवी नोट आली, तेव्हापासून सुरुवातीला दोन अक्षरं असतात आणि पहिलं अक्षर छापखान्याचं असतं. नोटांच्या मागचे पूल रॉबर्ट कालिना या ऑस्ट्रियन माणसाने काढले. एकाच देशाचा मान नको म्हणून मुद्दाम कुठेच नसलेले पूल काढले, आणि पुढे रॉटरडॅमजवळच्या स्पायकेनिसेने ते सातही पूल खरोखर बांधले! एक रविवार मी फक्त ते बघायला गेलो होतो. आखूड आहेत, पण रंगसुद्धा नोटांचेच.

माझ्या खिशात आलेली दहाची नोट हेलसिंकीहून आली की ला पाल्मा बेटावरून, हे तिच्याकडे बघून कळत नाही. ती कुणाच्या भाजीची, कुणाच्या औषधाची होती, तेही नाही. हिट आली की त्या सगळ्यातला एक टप्पा दिसतो. आउग्सबुर्गच्या बेकरीत दिलेली पाचाची नोट दोन वर्षांनी पोर्तुगालमधल्या ब्रागाला निघाली, तेव्हा रात्री साडेअकराला मी बायकोला उठवून सांगितलं होतं.

पण हे उत्तर मी तेरा वर्षं देतोय आणि ते अर्धंच आहे. उरलेलं आमच्या घरात माहीत आहे, बाहेर नाही.

मे २०१८. दादा एसटीतून निवृत्त झाला होता. दादा, वहिनी, मी आणि माझी बायको असे चौघं व्हिएन्नाला गेलो. दादाचा पहिलाच परदेश. त्याने त्याच्या खर्चाचे ८५० युरो पुण्यातच घेतले होते. पन्नासाच्या तेरा नोटा आणि विसाच्या दहा, खाकी पाकिटात, वर रबरबँड. विमानातून उतरताच ते पाकीट त्याने माझ्याकडे दिलं. "तुला इथलं कळतं. तुझ्याकडेच राहू दे."

१४ तारखेला सकाळी साल्झबुर्गच्या गाडीत बसलो. अडीच तासांचा प्रवास. मी दादाला म्हटलं, तुझ्या नोटा उतरवून घेऊ का? तो म्हणाला, "घे, तुझी हौस." समोरचं छोटं टेबल उघडून तेवीसच्या तेवीस नोटा मांडल्या आणि डायरीत नंबर लिहायला लागलो. पन्नासाची एक जुनी होती, एस अक्षराची, एका कोपऱ्यात निळ्या पेनाचा ठिपका. ती वहिनींना दाखवली, बघा, ही इटलीची. त्यांनी कौतुकाने बघितली. साल्झबुर्ग आल्याचं सांगितलं तेव्हा दोन नोटा लिहायच्या राहिल्या होत्या. त्या घाईघाईने लिहिल्या, सगळ्या पाकिटात घातल्या, रबरबँड लावलं आणि बॅगा काढायला उठलो. वहिनींचा गुडघा दुखत होता, त्यांना हात देऊन उतरवलं.

प्लॅटफॉर्मवर दादा म्हणाला, "चला, आज कॉफी माझ्याकडून. पाकीट दे."

मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. डायरी होती. पाकीट पुढच्या सीटच्या मागच्या जाळीत राहिलं होतं. गाडी निघून गेली होती.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर फॉर्म भरला, तेवीस नंबरही लिहून दिले. तिथल्या बाईंनी ते शांतपणे वाचले आणि सांगितलं, पाकीट कुणी आणून दिलं तर ओळख पटवायला हे चालतील, पण नंबर माहीत आहे म्हणून नोट थांबवता येत नाही, ती ज्याच्या हातात त्याची. पाकीट कुणी आणून दिलं नाही.

त्या रात्री हॉटेलवर मी लॅपटॉप उघडला आणि ते तेवीस नंबर साइटवर भरायला लागलो. गाव व्हिएन्ना. दादा पाणी मागायला आमच्या खोलीत आला आणि मागे उभा राहिला. तो ओरडला नाही. म्हणाला, "आकडे एवढे जपून ठेवलेस, मग पाकीट का नाही ठेवलंस?"

तेव्हाच्या रुपयांत ते अडुसष्ट हजार होते. मी परत केले. त्याने घेतले नाहीत म्हणून वहिनींच्या हातात दिले. त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही.

अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की छंदाचा यात काही संबंध नाही. घाई होती, बॅगा होत्या, वहिनींचा गुडघा होता. तेवीस नंबर भरले तेही शोध लागावा म्हणूनच भरले. तसं सांगणाऱ्या माझ्यातल्या त्या माणसाशी मी आज भांडतो. डायरी आतल्या खिशात गेली आणि पाकीट जाळीत. उठायच्या क्षणी हाताने निवड केली होती. पण तोच माणूस उलट विचारतो, पासपोर्ट विसरणारे सगळे काय छंदामुळे विसरतात? याचं उत्तर मला देता येत नाही.

२९ जून २०१९ ला मेल आली. पन्नास युरो, एस अक्षर, मारिबोर, स्लोव्हेनिया. ४११ दिवस, सुमारे १९० किलोमीटर. मी डायरी काढून नंबर तीनदा ताडून पाहिला. तीच होती. पलीकडच्या माणसाला साइटवरून निरोप पाठवला, कुठे मिळाली, कोपऱ्यात निळा ठिपका आहे का? त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. बँकेच्या मशीनमधून आली, ठिपका आहे, आणि या सुंदर हिटबद्दल अभिनंदन.

म्हणजे ज्याने पाकीट उचललं त्याच्यापर्यंत काही पोचणार नव्हतं. मधे किती हात झाले कोण जाणे. तरीही, खरं सांगतो, मेल वाचताना पहिला अर्धा मिनिट मला आनंदच झाला होता. दादाची आठवण त्यानंतर आली.

त्याला मी सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो होतो. अंगणात दोघंच बसलो होतो तेव्हा इतक्या वर्षांनी त्याने आपणहून विचारलं, "त्यातली एखादी कुठे निघाली का रे कधी?" मी नाही म्हटलं.

आता पुण्यात माझ्या हातात नोट येतेच कुठे, भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे. युरोपातही तरुण मुलं कार्ड टेकवून मोकळी होतात. आउग्सबुर्गच्या त्या बेकरीत मात्र अजून रोखच चालते. पुढच्या महिन्यात तिथे जायचं आहे, जुनी डायरी बॅगेत टाकली आहे. दादाला जाण्याआधी सांगायचं की तिथून फोन करून, ते अजून ठरत नाही.