बिनधास्त या म्हणालो खरा

२८ सप्टेंबर २०२५, रविवार, रात्री साडेअकरा

आज सहालाच शटर ओढलं. दिवसभर लाईट येत-जात होती. फ्लेक्सचं मशीन मध्येच बंद पडलं की हेड सुकतं, आणि नव्या हेडची किंमत ऐकली की माझंच डोकं सुकतं. जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडलंय. गेवराई, माजलगावकडच्या गोदाकाठच्या लोकांना हलवायचं चाललंय. सिंदफणेनं मागच्याच आठवड्यात शिरूर कासारकडं धुमाकूळ घातला होता. पाणपोई, टँकर आणि चारा छावणीचे फ्लेक्स छापून माझं दुकान उभं राहिलं. आज त्याच गावांत होडी पाठवा म्हणून लोक फोन करतायत.

जेवायला बसलो तेवढ्यात अनोळखी नंबर. पोरगा सांगलीकडचा, वाळवा तालुक्यातला. माझ्या एका मित्राकडून नंबर मिळालेला.

"दादा, दोन आयशर भरायला घेतल्यात. पीठ, तेल, ब्लँकेटं, जनावरांना पेंड. एक विचारायचं होतं, राग मानू नका. रात्रीची गाडी आणली तर चालंल का? पोरं म्हणत्यात बीडात गाड्या आडवत्यात. लुटत्यात. पोलीस बरोबर घ्यावं लागतंय का?"

घास हातातच राहिला. मग जे बोलायला लागलो ते दहा मिनिटं थांबलो नाही. कंकालेश्वराच्या देवळापासून खजाना बावडीपर्यंत सगळा इतिहास सांगितला, जणू चारशे वर्षांपूर्वीची विहीर दाखवली की गाडी सुखरूप पोचेल. सरपंचांचा खून झाला ते मस्साजोग केज तालुक्यात येतं, बीड शहराचा काही संबंध नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "बिनधास्त या. बीडात एक पोतं इकडचं तिकडं होत नाही."

तो बिचारा "बरं बरं" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "त्यानं रस्ता विचारला होता, तुम्ही भाषण दिलं."

राग त्याच्यावर नव्हताच, हे आता लिहिताना कळतंय. लेक पुण्यात शिकते. मागच्या जून महिन्यात खोली बघायला गेली तेव्हा घरमालकीण हसत हसत म्हणाल्या, "बीडची का? मग जपूनच राहायला हवं तुमच्यापासून." पोरीनं ती खोली घेतली, पण तेव्हापासून कुणी विचारलं की "संभाजीनगर साईडची" सांगते. मला हे तिनं नाही, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तेव्हापासून ते आत कुठंतरी ठुसठुसत होतं, आज सांगलीच्या पोरावर फुटलं.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, मार्चमध्ये त्याचे फोटो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. त्याआधी ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात आमदारांची घरं जळाली, संचारबंदी लागली. यातलं काहीच खोटं नाही. "बीडचा बिहार झाला" हे वाक्य तर आता म्हणीसारखं वापरतात. (बिहारच्या माणसानं आपलं काय घोडं मारलंय, हा वेगळाच प्रश्न.) याच महिन्यात, १७ तारखेला, कित्येक वर्षं वाट पाहिलेली रेल्वे बीडला आली. वाटलं होतं, चला, आता निदान महिनाभर तरी टीव्हीवर बीड म्हटलं की रेल्वे दिसेल. आठवडाभरात पूर आला.

३० सप्टेंबर, मंगळवार

किल्लारीच्या भूकंपाला आज ३२ वर्षं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक झोपले होते. वडील तेव्हा भाकरीच्या गाडीबरोबर तिकडं गेले होते. त्याबद्दल फार बोलत नसत. एवढंच म्हणायचे की ढिगाऱ्यातलं हुडकणारे चोर होते, नव्हते असं नाही, पण त्यांच्यापेक्षा बघे जास्त होते. बघ्यांच्या जीपा आणि मोटारसायकलींनी रस्ता तुंबलेला आणि भाकरीची गाडी मागं उभी.

आणि २३ जुलै १९८९. बीडातून वाहणाऱ्या बिंदुसरेचा पूर मला आठवतो. माझं वय तेव्हा नऊ. पाणी ओसरल्यावर गल्लीतली माणसं आठ-दहा रात्री काठ्या घेऊन बसायची, चोर येतात म्हणून. चोर काही आला नाही. एका रात्री शेजारचे चाचा अंधारात स्वतःच्याच घरातली भिजलेली रजई काढायला गेले आणि आमच्याच लोकांचा मार खाऊन आले. पुढं कित्येक वर्षं ईदला शीरखुर्मा वाढताना ते विचारायचे, "आज लाठी आणली नाही ना?"

दुपारी चुलतभावाचा फोन. नदीकाठच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार गेली. पाणी उतरलं तसा कुणीतरी रात्री येऊन केबल कापली, मोटार ओढून काढली. सोयाबीन गेलं, जमीन गुडघाभर खरवडून गेली, आणि वर हे. मी त्याला काय म्हणालो? म्हणालो, "ग्रुपवर टाकू नको. आधीच नाव खराब आहे. पुरातसुद्धा चोऱ्या करतात म्हणतील. तक्रारीचं नंतर बघू."

तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं."

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक. आठ बाय चारचा फ्लेक्स, गाडीला लावायला, 'पूरग्रस्त बांधवांसाठी मदतीचा हात'. वर साहेबांचा फोटो, खाली याचा, आणि बाजूला गोल-गोल चौकटीत समस्त मित्रमंडळ. डिझाईनच्या पोरानं पीठाच्या पोत्यांचा फोटो टाकला होता. हा म्हणतो, "पोती बारीक कर, साहेब मोठे घे." घेतले. पैसे रोख दिले, घासाघीस केली नाही.

गेल्या वर्षी याच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स छापला होता. वीस बाय दहा, काळा गॉगल, मागं सिंह, आणि 'नाद करायचा नाय' छापाची एक ओळ. त्याच्यावर केसेस आहेत म्हणतात. किती आहेत ते मी कधी विचारलं नाही, डिझाईनला लागत नाही ते. सिंह मात्र मी निवडला होता. त्याला वाघ हवा होता, पण आमच्याकडची वाघाची फाईल मोठी केली की फाटायची.

खुनानंतर शंभरावर शस्त्रपरवाने रद्द झाले, पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. माझ्या दुकानाला कुणी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, माहीत नाही. पण शहराच्या तोंडावर गेली पंधरा वर्षं जी तोंडं टांगली गेली, त्यातली निम्मी माझ्या मशीनमधून निघाली. चौकातून जाणाऱ्या परगावच्या माणसाला आधी ती दिसतात, खजाना बावडी नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गाड्या रात्रीतूनच आल्या. सोलापूर, तुळजापूर करत पहाटे साडेपाचला बायपासवर उभ्या. चार पोरं आणि दोन ड्रायव्हर. काल दसऱ्याची पुरणपोळी खाऊनच निघाले होते. चहा पाजला. एकानं हळूच सांगितलं, "दादा, रस्त्यात कुणीच आडवलं नाही." मी असा चेहरा केला की त्यात माझंच कर्तृत्व.

गोदाकाठच्या एका गावाकडं निघालो. नाव लिहीत नाही, त्यांना आधीच पुरेसे पाहुणे येऊन गेलेत. हायवे सोडून वीसेक मिनिटं गेलो असू, फाट्यावर मोटारसायकल आडवी. पंधरा-वीस पोरं, मागं बाया, कडेवर लेकरं. दोघं ड्रायव्हरच्या खिडकीशी. माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या पोरानं मोबाईल काढलाच होता, "आलं बघा" म्हणाला.

उतरलो. आवाज चढवून विचारलं, काय प्रकार आहे. पोरं मागं सरली, पुढं आली एक बाई. पन्नाशीची असेल.

"प्रकार काय नाय. तीन दिस झालं, गाड्या हितवर येत्यात, ह्या रोडच्या गावाला वाटत्यात, फोटू काढत्यात, फिरून जात्यात. आमची वस्ती आत हाय. रस्ता व्हावून गेला. ह्यांच्या घरात टिपूस नाय शिरलं, चार-चार किटं हायत. आमाला एक नाय. आडवलं नसतं तर थांबला आसता का?"

थांबलो नसतो. फाट्याच्या पुढच्या गावाचा पत्ता होता माझ्याकडं, आतल्या वस्तीचं नावही ऐकलं नव्हतं.

ती बोलत असतानाच मागच्या गाडीचं फडकं वर झालं आणि एक पोरगा दोन किट बगलेत मारून शेतातून पळाला. बायांनीच आरडाओरडा केला. तो रोडच्याच गावचा निघाला, सगळे त्याला नावानं ओळखत होते. म्हणजे गाडी अडवली ती लूट नव्हती, आणि तो पोरगा मात्र चोरच होता. दोन्ही एकाच फाट्यावर, एकाच मिनिटात. मोबाईलमध्ये दोन्ही एकच दिसलं असतं.

पुढचं काम बायांनीच उरकलं. अंगणवाडीच्या ताईंकडं वही होती, घराघरांची नावं लिहिलेली. दोन ट्रॅक्टर आले, माल ट्रॉलीत उतरवला, आणि चिखलातून तासभर खडखडत आत गेलो. वाटेत त्या बाईनं सांगलीच्या पोराला विचारलं, कुठलं गाव. त्यानं वाळवा म्हटल्यावर ती हसली. "मग पावणेच की तुमी. सहा साल कोपी टाकली तिकडं, ऊसतोडीला. थोरलं पोरगं तिकडंच जल्मलं, फडात." कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, पाण्याच्या टाकीपाशी दळण देणाऱ्या म्हाताऱ्या आजींचं नाव, सगळं तिला तोंडपाठ. पोरगा त्या आजींना ओळखत होता. तिथून पुढं मला कुणी काही विचारलंच नाही, त्यांच्याच गप्पा चालल्या. ह्या साली कोयता घेऊन दिवाळीआधीच निघावं लागेल म्हणत होती. उचल घेतलीय, आणि इथं मागं राहून राखायला काही उरलं नाही.

वस्तीवर वास. कुजलेलं सोयाबीन, मेलेली जनावरं, आणि ओल्या भिंतींचा तो एक वास जो १९८९ नंतर मला पहिल्यांदा आला. जमीन खरवडून गेली म्हणतात तेव्हा मी नुसती माती वाहिली समजायचो. काळी जमीन जाऊन खाली मुरूम, गोटे उघडे पडलेत, एका ठिकाणी तर विहिरीचं कडं जमिनीच्या वर चिमणीसारखं उभं.

एका म्हाताऱ्यानं कडब्यावर फ्लेक्स टाकला होता, पांढरी बाजू वर. वाऱ्यानं टोक उलटलं. आधी सिंहाची शेपटी दिसली. मग कोपऱ्यात माझ्याच दुकानाचा मोबाईल नंबर. मी विचारलं, छापील बाजू खाली का? बाबा म्हणाले, "वर ठिवली तर जनावरं बुजत्यात."

मी नंबरवर पाय ठेवून टोक दगडाखाली दाबलं. कुणी पाहिलं नसावं.

वाटप झाल्यावर मोजदाद. दोनशेतली दोन किटं कमी. मी ओशाळून काहीतरी बोलायला गेलो, वाळव्याचा पोरगा म्हणाला, "दादा, दोनशेत दोन. २०१९ ला आमच्याकडं कृष्णेचा पूर आल्ता तवा ह्यापेक्षा लई गेली होती. आमच्याच माणसांनी नेली. तुम्ही फोनवर एक पोतं हलत नाही म्हणालात ना, तवाच भ्या वाटलं मला. म्हटलं, हा मानूस काय तरी लपवतोय."

५ ऑक्टोबर, रविवार

पोरं पोचली. सकाळी व्हिडिओ आला, फाट्यावरचा, दीड मिनिटाचा. खाली विचारलंय, 'दादा टाकू का?' पाहिला. आडवी मोटारसायकल, आरडाओरडा, मध्ये माझं टक्कल, आणि मग ती बाई.

'नको' लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग पाठवलं, 'टाक. पण तिचं बोलणं कापू नको. किट घेऊन पळणारा पण राहू दे, तोंड तेवढं झाक त्याचं, लहान आहे.'

लेकीला पण पाठवला. तिचं उत्तर आलं, 'बाबा तुम्ही किती ओरडता.' बाकी काही नाही.

दुपारी चुलतभावाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरच्या पाटीवर नुसतं नाव. जमादारांनी मोटारीची कंपनी विचारली, एचपी विचारला, नंबर विचारला, मग बिल मागितलं. भाऊ म्हणाला, "बिल पाण्यात गेलं, साहेब. घरच गेलं." त्यांनी पेन थांबवलं, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आज सकाळपासूनची ही चौथी मोटार." मग कागद उलटा करून लिहायला घेतलं.