टाके दोनच, पण हाडाला घाई नसते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. आता छोट्या छेदातून ऑपरेशन करतात म्हणे. मग महिन्याभरात खेळायला लागेल ना?" मणक्याच्या रुग्णांचे व्यायाम घेते म्हणून हा प्रश्न मला आईवडील विचारतात, कोच विचारतात, आणि सगळे बाहेर गेले की खेळाडू स्वतः हळूच विचारतो. माझं उत्तर ऐकून चेहरे पडतात, तरी तेच द्यावं लागतं. छेद लहान घेतला म्हणून हाड लवकर जुळत नाही.

मणक्याच्या मागच्या बाजूला वरच्या आणि खालच्या सांध्याला जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी असते. तिला पार्स म्हणतात. आपण मागे वाकतो, विशेषतः वाकून वळतो, तेव्हा ती अडकित्त्यात धरल्यासारखी दाबली जाते. एकदोनदा दाबली गेली तर काही बिघडत नाही. पण वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट, भालाफेक करणारी मुलं हीच हालचाल दिवसात शेकडो वेळा करतात, तीही हाडं अजून पक्की होत असलेल्या वयात. मग तडा जातो, यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, बहुतेकदा कंबरेच्या शेवटच्या, पाचव्या मणक्याला. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्याला तो सहसा डावीकडे जातो.

यातल्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. तडा ताजा असताना एमआरआयमध्ये सापडला, खेळ तीनेक महिने खरोखर बंद ठेवला आणि मग पोटाचे, पाठीचे, मांड्यांचे स्नायू हळूहळू तयार केले, तर बहुतेक मुलं परत खेळतात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याच्या पाठीची स्ट्रेस फ्रॅक्चर्स 1973 मध्ये सापडली. त्याला प्लास्टरमध्ये राहावं लागलं, आणि 1974-75 च्या अ‍ॅशेस मालिकेत तो पुन्हा धावत आला. शिवाय शंभरातल्या सुमारे सहा मोठ्या माणसांच्या मणक्यात असा जुना तडा असतो, आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. स्कॅनमध्ये तडा दिसला एवढ्यावरून कोणी ऑपरेशन करून घेऊ नये.

ऑपरेशनचा विषय निघतो तो सहा महिने सगळं नीट करूनही दुखणं हटत नाही तेव्हा. दुखणं कमी झालं की मुलं खेळायला जातात, तडा हलत राहतो, आणि हाडाच्या दोन टोकांमध्ये चिवट तंतू भरतात. टोकं गुळगुळीत, कडक होतात. त्यांना जुळायचं आहे याचा जणू विसरच पडतो. सर्जन तो भराव खरवडून काढतात, टोकांतून ताजं रक्त येईपर्यंत हाड घासतात, बहुधा कमरेच्या हाडातून काढलेला हाडाचा चुरा तिथे भरतात आणि स्क्रूने दोन्ही टोकं घट्ट धरतात.

तड्यातून आरपार स्क्रू घालण्याची ही पद्धत बक या सर्जननी 1970 मध्ये मांडली. तेव्हा त्यासाठी पाठ उघडावी लागे, मणक्याला चिकटलेले स्नायू सोलून बाजूला करावे लागत. आता एक-दोन सेंटिमीटरच्या छेदांतून, स्नायूंचे धागे न कापता बाजूला सारणाऱ्या नळीतून, एक्स-रे किंवा सीटीच्या चित्रावर नजर ठेवून तेच काम होतं. फायदा खरा आहे आणि मोठा आहे. रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की मणक्याला आतून धरून ठेवणारे छोटे स्नायू शाबूत राहतात. पुढे मला ज्यांच्यावर काम करायचं असतं ते तेच. मात्र दोन मणक्यांमधली चकती झिजली असेल किंवा मणका बराच सरकला असेल, तर ही दुरुस्ती उपयोगाची नसते. तिथे दोन मणके एकमेकांना जोडून टाकतात, आणि ते वेगळं ऑपरेशन आहे.

आता महिन्याभराचं. दुसऱ्या दिवशी पेशंट चालतो, टाके सुकतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखतही नाही. मला हाच काळ सगळ्यात धोक्याचा वाटतो. त्वचा बरी झालेली असते, स्नायू बरे झालेले असतात, आणि आत हाड अजून फक्त स्क्रूच्या आधाराने थांबलेलं असतं. माझ्याकडच्या एका मुलाने तिसऱ्या महिन्यात, काहीच दुखत नाही म्हणून, गुपचूप पूर्ण वेगाने चेंडू टाकले. स्क्रू ढिला झाला. तो ऑपरेशन टेबलवर परत गेला, आणि दुसऱ्यांदा मी त्याला भेटले तेव्हा तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता.

परत खेळायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. जसप्रीत बुमराहच्या पाठीवर मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध खेळला. दिवसरात्र लक्ष ठेवणारी माणसं हाताशी असूनही पाच महिने लागले.

एक जिम्नॅस्ट मुलगी होती. पाच महिने मी तिला मागे वाकू दिलं नाही. ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायचे. सहाव्या महिन्यातल्या सीटीत तड्याच्या जागी सलग पांढरी रेघ दिसली. त्या दिवशी मी तिच्या कंबरेखाली हात धरला आणि म्हटलं, वाक. ती जेमतेम चार बोटं वाकली, थांबली, आणि तशीच थांबून राहिली. दुखतंय का, मी विचारलं. नाही म्हणाली, आणि अजून एकदा वाकू का, असं विचारलं.