उंबऱ्यात अडते, शिडी चढते

रविवार, रात्री

कळसूबाईहून परतलो. पाय भरून आलेत आणि अक्षर आज फारच बारीक येतंय. कंपवातात ते होतंच, पण दमल्यावर ओळीच्या शेवटी नुसत्या मुंग्या उरतात. तरी आजच लिहायचं आहे.

कंपवाताच्या रुग्णांच्या आमच्या आधारगटाच्या निधीसाठी ही चढाई होती. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. वर्गणीदारांना नाव सांगितलं की पुढचं समजावून सांगावं लागत नव्हतं. पहाटे पायथ्याच्या बारी गावात पोचल्यावर सिंडोपा, म्हणजे कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी, अनशापोटी घेतली, तासाभराने पोहे खाल्ले. शेंगदाण्याची चिक्की ह्यांनी आपल्या पिशवीत ठेवून घेतली. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरू बघतात, मग गोळी मागे पडते.

सुरुवातीला वाट शेतांमधून जाते. पाऊल अडकलं ते तिथेच. सपाट पायवाट, समोर काहीही नाही, आणि डावा बूट जमिनीला खिळलेला. अंग पुढे झुकतं, पाय येत नाही. ह्यांनी काही न बोलता हातातली काठी बुटासमोर आडवी धरली. ती ओलांडायची म्हटल्यावर पाय सुटला. बरोबरचा बारीचा वाटाड्या हे नीट बघत होता. पुढे तोच काठी आडवी टाकायचा, "काकू, हं, ओलांडा!"

लोखंडी शिड्यांची सगळ्यांना धास्ती. मुलीने तर फोनवर शपथ घातली होती. आणि शिड्यांवर मी सरळ चढत गेले! पायरी दिसते, तिच्यावर पाऊल पडतं, लगेच पुढची दिसते. चालणं आपोआप चालू ठेवणारी मेंदूतली यंत्रणा डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन कमी पडल्याने रेंगाळते. डोळ्यांना खूण मिळाली की मेंदू तेच काम दुसऱ्या वाटेने करून घेतो. म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खोळंबणारी बाई शिडी चढू शकते. घरच्यांना हे उमजायला फार वेळ लागतो. आमच्या गटातले एक काका जिना भराभर चढतात आणि दिवाणखान्यात थबकतात, तर घरचे म्हणायचे, नाटकं करतात. किती वर्षं ऐकून घेतलं असेल त्यांनी!

एका शिडीच्या तोंडाशी मागून कॉलेजची मुलं आली. "मावशी, चला ना पटकन." झालं, पाय थिजले. घाई झाली की हे हमखास होतं. बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ दिलं, मनात 'ग्यानबा-तुकाराम'चा ठेका धरला आणि ठेक्यावर पाऊल उचललं.

माथ्यावर देवीची ओटी भरली. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले स्वच्छ दिसत होते. फार थांबलो नाही, कारण दुपारच्या गोळीचा जोर असतानाच उतरायचं होतं. उतार मला चढापेक्षा अवघड. तोल पुढे जातो, पावलं आखूड आणि भरभर पडायला लागतात. शिड्या मी शिडीकडे तोंड करूनच उतरले, वाटाड्या खालून पायरी सांगत होता. त्याचे आजोबाही दारात असेच अडकतात म्हणे. घरात सगळे म्हणतात, वय झालं.

खाली पिठलं-भाकरी खाताना जो तो म्हणत होता, काय जिद्द आहे! प्रेमाने म्हणत होते, पण मला ते पटत नाही. जिद्द त्या काकांकडेही आहे. काठी, ठेका, गोळीची वेळ हे मला फिजिओथेरपिस्टने शिकवलं, आणि नाशकात राहते म्हणून शिकायला मिळालं. अकोले, इगतपुरीकडच्या वाड्यांवर कोण शिकवणार? आज जमलेले पैसे तिकडे जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या मानधनाला आणि गाडीभाड्याला लागायला हवेत, आणि पावतीवर तसं स्वच्छ लिहिलेलं हवं. उद्या सकाळची गोळी लागू पडली की खजिनदारांना फोन करते. पहिली फेरी बारीलाच लावा, असंही सांगणार आहे.