पत्रिकेचे प्रूफ

थोरल्या काकांनी आज दुपारी दादाच्या लग्नपत्रिकेचे प्रूफ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आणि चुका असतील तर रात्रीपर्यंत कळवा, असे खाली लिहिले. चूक एकही नव्हती. दादाच्या नावापुढे इंजि. होते, सोलापूरच्या भावोजींच्या नावापुढे अॅड. होते, मिरजेला होमिओपॅथीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या आत्तेबहिणीच्या नावापुढे चक्क डॉ. होते आणि तिच्या खालच्या ओळीत मी होते, नुसती कु. लावून. घरातल्या बिनलग्नाच्या मुलीला आमच्याकडच्या पत्रिकेत कु. लागतेच, त्यात कोणाचा काही हेतू नाही, हे मला समजते. तरीही जेवताना, भांडी लावताना आणि आत्ता हे लिहिताना ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि एवढीशी गोष्ट इतकी का लागावी, हे काही केल्या उमगत नाही.

मत्सर म्हणावा तर तो नाही. आत्तेबहिणीने तिची पाठांतरे किती रडत केली, ते मी पाहिले आहे. शिवाय तिला अजून शिकायचे असताना डॉ. लावले, याचे तिला स्वतःलाच हसू आले असणार. मला लागले ते निराळेच असावे. काकांनी आधी फोन करून आईला विचारले होते म्हणे, की हिच्या नावाला काय लावायचे, आणि आई म्हणाली की निकाल लागलेला नाही, राहू द्या. आईचे म्हणणे खरे आहे. पण निकाल लागल्यावर तरी काय लावणार आहेत? जैवतंत्रज्ञानातली एम.एस्सी. नावाच्या मागे लागते, पुढे नाही, आणि पत्रिकेत मागच्या अक्षरांना जागा नसते.

दोन वर्षांत मी काय केले, हे कोणी विचारले तर माझे उत्तर इतके लांबते की विचारणारा मध्येच चहा प्यायला उठतो. एका सत्रात रेणवीय जीवशास्त्र, दुसऱ्यात रोगप्रतिकारशास्त्र, मध्ये जैवसांख्यिकी, संगणकावर जनुकांचे क्रम जुळवण्याचा तास, किण्वनाची प्रात्यक्षिके, आणि प्रत्येक ठिकाणी आम्ही उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. जनुकांच्या प्रती काढणारे पीसीआरचे यंत्र विभागात एकच आहे, त्यामुळे ते लावायचे गटाने आणि लिहायचे एकट्याने. शेजारच्या काकू मला अजूनही रक्ताचे रिपोर्ट दाखवतात आणि मी ते वाचतेही, पण प्रयोगशाळा तपासणीची पदविका, डी.एम.एल.टी., केलेला त्यांचा भाचा ते माझ्यापेक्षा भराभर वाचतो. पुण्याला प्रवेश मिळत असताना इथे सांगलीत का राहिले, तो विषय आज नको.

प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी नेट किंवा सेट परीक्षेचा अर्ज भरायला बसले, की तिथेही जैवतंत्रज्ञान नावाचा विषय नसतो; लाइफ सायन्सेस निवडावे लागते आणि वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे मुळापासून शिकून आलेल्यांच्या रांगेत उभे राहावे लागते. आमच्या नावाचा पेपर गेट या प्रवेशपरीक्षेला आहे, आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची फेलोशिपची परीक्षा आहे, बस. तो विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला, म्हणजे विषय नवा म्हणून लोकांना ठाऊक नाही, ही सबबही आता जुनी झाली. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या जाहिरातीत गुणवत्ता तपासणीसाठी रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र असे छापलेले होते. मी तरीही अर्ज केला. त्याचे पुढे काय झाले, ते लिहिण्यासारखे नाही.

आणि माझ्या प्रकल्पाचा विषय तर हळद आहे, जिच्यासाठी सांगलीला सगळा देश ओळखतो आणि जिला २०१८ मध्ये सांगलीच्या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, म्हणून तिचे बी सहसा धरत नाही आणि लागण कंदानेच करावी लागते. कंदाबरोबर रोगही एका हंगामातून दुसऱ्यात जातो. कंदाचा कोवळा डोळा काढून तो निर्जंतुक बाटलीत वाढवायचा, म्हणजे स्वच्छ रोप मिळते, एवढाच माझ्या प्रबंधाचा मुद्दा आहे. पण हा डोळा मातीत वाढलेला असतो. तो सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवला, मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकाने धुतला, जंतू गाळलेली हवा सोडणाऱ्या लॅमिनारपुढे श्वास रोखून बाटलीत ठेवला, तरी आठवड्याच्या आत पांढरी बुरशी वर येते आणि बाटल्यांचे रॅकच्या रॅक दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून फेकावे लागतात. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखाली मातीत खणलेल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण पेव बंद केले की आतल्या हवेतला प्राणवायू संपून कीड मरत असे. एवढी यंत्रे लावून आमची मात्र पंधरवडाभर टिकेना. हे मी प्रबंधात लिहिणार नाही, पण इथे लिहिताना मला पहिल्यांदा हसू आले.

रात्री साडेआठला काकांचाच फोन आला. मला वाटले, नावाचे काही असेल. पत्रिका ठीक आहे का, एवढे विचारून ते थेट मूळ कामावर आले. "तुझ्या त्या बाटलीतल्या हळदीचं काय झालं गं? गेल्या पावसाळ्यात कंदकुजीनं माझा खालचा अख्खा तुकडा गेला. यंदा अक्षय्य तृतीयेला दहा गुंठ्यांपुरती रोपं मिळतील का?" म्हणजे मी काय करते, ते आमच्या घरात एका माणसाला तरी नेमके ठाऊक होते, आणि तो माणूस पत्रिका छापणाराच निघाला. एवढा वेळ जपलेले दुःख यामुळे थोडे गैरसोयीचे झाले.

मी त्यांना सगळे खरे सांगितले. रोप बाटलीतून स्वच्छ निघते, पण रानात पाणी साचले आणि कंदकुजीचा पिथियम हा बुरशीसारखा जंतू मातीत आधीपासून असला, तर ते पुन्हा कुजते, म्हणून निचरा आधी पाहावा लागेल. शिवाय अशा रोपाला पहिल्या हंगामात बारीक कंद येतात, ते बेण्याला ठेवायचे, विकायची हळद दुसऱ्या हंगामात. काकांनी मधे न बोलता ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं, एक रोप कितीला पडतं?" दोन वर्षांत इतक्या तोंडी परीक्षा झाल्या, पण हा प्रश्न मला कोणीही विचारलेला नव्हता. मी म्हटले, "काका, हिशोब करून उद्या सांगते."

तेव्हापासून वहीवर आकडे मांडते आहे. बाटलीत रोप ज्यावर वाढते त्या एक लिटर माध्यमाला तीस ग्रॅम सुक्रोज, म्हणजे शुद्ध साखरच, आणि ते घट्ट करायला आठ ग्रॅम अगार लागते, आणि एका बाटलीत चाळीस मिलिलिटर धरले तर लिटरमागे पंचवीस बाटल्या होतात. सुक्रोज आम्ही सीलबंद डब्यातून चमच्याने मोजून घेतो, तेही साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून. त्याऐवजी किराण्याची साखर वापरली तर खर्च बराच उतरतो आणि रोपांना फारसा फरक पडत नाही, असे वरच्या वर्गातली ताई म्हणत होती, ते करून पाहायला हवे. बुरशी लागून फेकलेल्या बाटल्यांचा बोजा उरलेल्या रोपांवर टाकावा लागेल, नाहीतर काकांची फसवणूक होईल. अडते ते विजेपाशी. वाढीच्या खोलीत पंचवीस अंश तापमान आणि रोज सोळा तास उजेड लागतो, पण त्या खोलीला वेगळा मीटर नाही, आणि विभागाचे बिल कोण भरते, हे विचारायला उद्या कार्यालयात जावे लागेल.