उपयोगाचं नको

वसुबारस, रात्री

"मावशी, यंदा काहीही दे, फक्त उपयोगाचं नको." सईचा मेसेज, पुढे हसरा चेहरा. दुपारी आला. रागावून लिहिलेला नाही हे कळतं, आणि तेच जास्त टोचतं. रागाने लिहिला असता तर मीही रागावून मोकळी झाले असते.

भेटींची वही काढली. पाच दिवाळ्या, तीन मुली (सई, मुक्ता, ओवी), १५ भेटी. त्यात सहा चरित्रं. 'एक होता कार्व्हर' दोन वेळा, तेही एकाच घरात. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ पासून लोक दुसऱ्यांच्या मुलांना देत आलेत. पुस्तक चांगलंच आहे. पण देणाऱ्याच्या तोंडावर "बघ, किती हालातून वर आला" असं लिहिलेलं असतं आणि १४ वर्षांच्या मुलीला ते कव्हरच्या आधी वाचता येतं. 'श्यामची आई' एकदा. 'तोत्तोचान' एकदा, मुलांपेक्षा शिक्षकांनाच ते जास्त आवडतं असा माझा जुना संशय आहे. सईची आई शिल्पा दरवर्षी कानातली देते आणि ती दरवर्षी कानात दिसतातही. जाऊ दे.

म्हणजे काय, इतकी वर्षं मी भेट म्हणून शिकवणी देत होते? ते जमेस धरायचं की नाही, की दिवाळीच्या गर्दीत तासतास उभं राहून, प्रती चाळून, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पुस्तक निवडलं? कोणी धरत नाही. पुस्तक निवडताना गेलेला वेळ पुस्तकावर कुठे दिसत नाही.

आणि मराठीत द्यायचं म्हटलं तर मुलींसाठी आहे काय? दरवर्षी त्याच कपाटापाशी येऊन थांबते. श्याम मुलगा. गोट्या मुलगा. फास्टर फेणे मुलगा. लंपन मुलगा, आणि २०२४ मध्ये त्याच्यावर मालिका आली ती अर्थात मुलाचीच. 'शाळा' कादंबरीत मुकुंदाला शिरोडकर आवडते, पण शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला मुकुंदाच्याच अंदाजाने कळतं. ताम्हनकरांनी 'गोट्या'बरोबर 'चिंगी'ही लिहिली, पण आठवीतल्या मुलीला ती आता आखूड होते, जुन्या फ्रॉकसारखी. मग हात जातो शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'कडे. मूळ 'लिटल विमेन', अमेरिकेतलं. मराठी मुलींना आपलं म्हणून द्यायचं पुस्तकही मॅसॅच्युसेट्सहून आणावं लागतं, यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

इंग्रजी 'लिटल विमेन' देणार असाल तर एक खड्डा आहे. मूळ पुस्तक दोन खेपांत आलं, पहिला भाग १८६८ मध्ये, दुसरा १८६९ मध्ये. इंग्लंडात तो दुसरा भाग 'गुड वाइव्ह्ज' या निराळ्या नावाने विकला गेला. त्यामुळे आजही काही प्रतींत फक्त पहिली २३ प्रकरणं असतात. अख्ख्या पुस्तकाची ४७ आहेत. २३ वर थांबलं की वडील घरी येतात, मेगचं लग्न ठरतं, सगळं गोडगोड. चौघी बहिणींतली जो न्यूयॉर्कला जाते, एमी युरोपात जाते, बेथ जगातूनच जाते, ते सगळं पुढे. २०१९ चा सिनेमा पाहून आलेल्या मुलीला अशी अर्धी प्रत मिळाली तर ती पुस्तकालाच फिकं ठरवते, आणि प्रत चुकली हे तिला सांगणार कोण? म्हणून दुकानात शेवटचं पान उघडायचं नाही, अनुक्रमणिका मोजायची. कव्हरवर 'अनअब्रिज्ड', म्हणजे काटछाट न केलेलं, असं लिहिलंय का तेही बघायचं. बारीक पुस्तक, मोठा टाइप आणि पानोपानी चित्रं असली तर ते बहुधा संक्षिप्तच असतं, लिहिलेलं असो वा नसो.

मुक्ताचा प्रश्न वेगळा. इंग्रजी माध्यम. बोलते फाडफाड, पण वाचताना 'निःशब्द'पाशी गाडी थांबते. अशा मुलीला २०० पानांची मराठी कादंबरी म्हणजे मिनिटाचं पान तीन मिनिटांवर, दहा तासांचा ऐवज. नवव्या मिनिटाला फोन हातात. त्याला उपाय एकच मला ठाऊक आहे: कुठलंही मधलं पान तिला मोठ्याने वाचायला लावायचं (दुकानात नाही, लाजेने जीव जातो, घरी, मासिक वगैरे हातात देऊन). पाचाहून जास्त शब्दांना अडखळली तर पुस्तक वर्षभर लांबणीवर. त्याऐवजी ऐकायचं द्यावं. स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचं ॲप २०१७ पासून मराठीत आहे. मात्र ऐकायच्या पुस्तकाचीही पहिली दहा मिनिटं आपण आधी ऐकावीत. वाचणाऱ्याचा आवाज नाटकी असला की मुली खिदळतात, आणि पुढे ऐकतच नाहीत.

पुस्तक कागदात बांधता येतं. मालिका कशी बांधणार? पूर्वी डीव्हीडी तरी असायची. आता मी कार्ड लिहिते: नाव, कुठल्या ॲपवर, किती भाग, एकेक किती मिनिटांचा. त्याआधी तिच्या आईला गुपचूप फोन. ते ॲप घरी आहे का आणि प्लॅन कोणता, कारण नेटफ्लिक्सचा स्वस्तातला मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. हे न विचारता दिलं तर ती भेट नव्हे, तिच्या आईबाबांना पाठवलेलं बिल. मग वेळेचा हिशेब. 'ॲन विथ ॲन ई' तीन सीझन, ७, १० आणि १० भाग, पाऊण तासाचा एक धरला तर साधारण २० तास. 'एक्स्ट्रॉर्डिनरी ॲटर्नी वू' १६ भाग, प्रत्येक तासाच्या वर. सई दहावीत आहे. तिला १६ भागांची कोरियन मालिका दिली तर शिल्पा भाऊबीजेला मला करंजीऐवजी सराव प्रश्नपत्रिका वाढेल.

वयाचं लेबल मी वाचते, पण आकड्यावर थांबत नाही. २०२१ च्या नियमांनंतर ओटीटीवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी आली, आणि १३+ पासून वरच्या सगळ्याला पालकांचं कुलूप लावायची सोय द्यावी लागते. आकड्याशेजारी बारीक अक्षरात कारण असतं: शिव्या, हिंसा, लैंगिक दृश्यं, स्वतःला इजा. पहिल्या तिघांवर आया भांडतात. मी चौथ्यावर थांबते. एखादी मुलगी त्या आठवड्यात कशातून जात असेल ते आपल्याला सांगितलेलं नसतं.

खरं बिनसतं ते हॉलमध्ये. 'ॲन विथ ॲन ई'मधल्या ॲनला पहिली पाळी येते आणि आपण मरतोय असं तिला वाटतं, तो प्रसंग पहिल्याच सीझनमध्ये आहे, आणि फार सुरेख आहे. पण तो हॉलच्या टीव्हीवर लागला, शेजारी आजोबा शेंगा सोलत बसलेत, तर मुलगी उठून पाणी प्यायला जाते आणि परत येतच नाही. मालिका तिथेच संपली. म्हणून मालिका द्यायची तर तिच्यासाठी वेगळं प्रोफाइल करायला सांगायचं, त्याला पिन. नाही तर 'पाहणं सुरू ठेवा'च्या रांगेत घरातल्या सगळ्यांना दिसतं की ती कुठे थांबली. आणि कार्डासोबत साधे इयरफोन. मला वाटतं, खरी भेट इयरफोनच असतात.

ओवीचं सोपं आहे, अकरावी. 'पर्सेपोलिस', एका इराणी मुलीने चित्रांतून सांगितलेली स्वतःची गोष्ट. फ्रेंचमध्ये २००० ते २००३ दरम्यान चार भागांत आलं, इंग्रजीत दोन. चित्रांचं आहे म्हणून कुठल्याकुठल्या दुकानात लहान मुलांच्या कपाटात सापडतं, तिथून ते आठवीतल्या मुलींच्या हाती जातं आणि मग ओरड. पहिल्या भागात क्रांती, तुरुंग, छळ. नायिका १४ वर्षांची असताना तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवतात. दुसऱ्यात तिथलं एकटेपण, प्रेम, नशा, परतणं, लग्न, घटस्फोट. दोन्ही एकत्र असलेली प्रत घ्यावी. फक्त पहिला भाग दिला तर विमानतळावर गोष्ट तुटते. उलटी फसगतही असते. कव्हरवर फुलं, गोड रंग, आणि आत मोठ्या बायकांसाठी लिहिलेली गोष्ट. 'इट एंड्स विथ अस' (२०१६) रील्समधून नववी-दहावीपर्यंत पोचलंय, विषय घरातली मारहाण. वाईट असं नाही. फक्त कव्हर पाहून आठवीला देऊ नये.

पुन्हा सई. उपयोगाचं नको.

जेवण झाल्यावर ॲन फ्रँकची डायरी चाळत होते, आवृत्त्या ताडून बघायला. वडिलांनी १९४७ मध्ये छापलेल्या आवृत्तीत तिने स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलेलं आणि आईवरचा राग यातला बराच भाग गाळला होता. म्हणजे १३-१४ वर्षांच्या मुलीला जे वाचावंसं वाटेल नेमकं तेच. १९९१ च्या विस्तारित आवृत्तीत ते परत आलं; इंग्रजी प्रतीवर 'डेफिनिटिव्ह एडिशन' असं असतं, द्यायची तर तीच. पण मी अडकले ती दुसऱ्याच ठिकाणी. ती वही तिला तेराव्या वाढदिवसाची, १२ जून १९४२ ची भेट. खरं तर स्वाक्षऱ्यांची वही, लाल-पांढऱ्या चौकड्यांची. आणि ती वडिलांबरोबर दुकानात जाऊन तिने स्वतः पसंत केलेली.

आत काहीच लिहिलेलं नाही अशी वस्तू. कोणी शिकवायला नाही त्यात.

तर लगेच मनात आलं, सईला कोरी वही द्यावी! आणि मग माझं मलाच हसू फुटलं. दिली असती तर पहिल्या पानावर मी नक्की लिहिलं असतं, "रोज एक पान". माझ्या हातातून उपयोग सुटतच नाही. कुणी मला नुसता फुगा वाटायला दिला तरी मी त्यावर पाढे लिहून देईन.

ठरलं मग. उद्या धनत्रयोदशी, अकरा वाजता सईला अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानांत न्यायचं. ६०० रुपये तिच्या हातात. मी बाहेर पायरीवर. ती जे घेऊन येईल त्याचं कव्हर बघायचं, पाठ बघायची नाही, आणि "अगं पण" म्हणायचं नाही. फुलांचं कव्हर निघालं तर? पंधरा वर्षांची आहे. तर मी ते आधी वाचून घेईन, तिला न सांगता, आणि ती विचारेल तेव्हा वाचलेलं असेल. एक फक्त तिला शिकवेन, बास एकच: पैसे द्यायच्या आधी फर्मे तपासायचे. फर्मा म्हणजे एकत्र बांधलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा एक; कधी एखादा दोनदा बांधला जातो, कधी गळतो. पानांचे आकडे ३२ वरून ४९ वर उडी मारतात, नि ते घरी येऊन कळतं. हे उपयोगाचं आहे, माहीत आहे मला.

मुक्ताचं कार्ड लिहून झालं. ओवीचं पुस्तक बांधलं. आत नाव लिहिलं नाही; शाईने नाव घातलं की प्रत बदलून मिळत नाही, म्हणून दोन ओळी वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलने. त्यातलं "नक्की वाच" खोडलं. मग ते खोडलेलं दिसत होतं म्हणून चिठ्ठीच नवी केली.

बिल मागच्या पानात ठेवायचं राहिलंय आणि चिकटपट्टी संपली आहे. उद्या.