"तेव्हाच बरं होतं" म्हणणाऱ्या पोलंडच्या आजी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. प्रश्न तसा एकच असतो, विचारणारे बदलतात. कोल्हापूर-सांगलीकडं एखाद्या कॉलेजात बोलायला गेले की शेवटी कुणीतरी मुलगी हात वर करते, घरी आले की मामा विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं, की अगं तू त्या पोलंडवर एवढी वर्षं काम करतेस, मग मला सांग, त्या लोकांनी एवढं लढून कम्युनिस्टांना घालवलं, लोकशाही आणली, आणि आता तिथलीच म्हातारी माणसं म्हणतात तेव्हाच बरं होतं, म्हणजे त्यांना लोकशाही नकोय का? पंगतीत बसून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथं देते.

पोलंडच का, ते आधी. मी गांधीनगरजवळची. कोल्हापूरकरांना गांधीनगर म्हणजे कपड्यांचं मार्केट, पण फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं येण्याआधी त्याच जागी वळिवड्याचा कॅम्प होता. १९४३ पासून चार-पाच वर्षं साधारण पाच हजार पोलिश माणसं तिथं राहिली, बहुतेक बायका आणि पोरं, स्टालिनच्या राजवटीनं घरातून उचलून सैबेरिया नाहीतर कझाकस्तानात नेऊन टाकलेली आणि तिथून सुटून इराणमार्गे इकडं पोचलेली. आमच्या आजीला त्या बायका आठवायच्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी पोलंडला गेल्याच नाहीत, कारण तोवर तिथं कम्युनिस्टांचं राज्य आलं होतं. म्हणजे मी लहानपणापासून ऐकलेला पोलंड हा त्या राज्याच्या भीतीनं घरी न गेलेल्या माणसांचा. त्यामुळं "तेव्हाच बरं होतं" हे मी पहिल्यांदा एका पोलिश बाईच्या तोंडून ऐकलं तेव्हा खरं सांगते, मला राग आला होता.

ते २०२२ साल. उत्तरेकडं माझुरीच्या भागात, मैलभर नुसती शेतं आणि मधोमध अचानक तीन मजली चार बिल्डिंगा, रंग उडालेल्या. त्यातल्या एका घरात सत्तरीच्या पुढच्या एक आजी. दारात सपाता दिल्या, काचेच्या ग्लासात लिंबू घातलेला चहा दिला, आणि माझ्या सर्व्हेच्या फॉर्मवरच्या प्रश्नाला उत्तर दिलं, "क्येदिश बिवो लेप्येय", पूर्वी बरं होतं. मी रकान्यात खूण केली. पुढचा प्रश्न विचारायचा होता पण राहवलं नाही, म्हटलं बरं म्हणजे काय बरं होतं? तर त्या बोटांवर मोजायला लागल्या. सकाळी बस यायची. पोराला पाळणाघरात सोडून गोठ्यावर जाता यायचं. कँटीनमध्ये दुपारचं गरम सूप. शनिवारी हॉलमध्ये नाच असायचा, तिथंच नवरा भेटला. मग मी विचारलं, आणि पक्ष? तर एकदम हात झटकला, म्हणाल्या ते चोर होते, मटणासाठी पहाटेपासून रांगेत उभं राहून माझे पाय सुजायचे ते मी विसरले नाही. एकाच बाईनं, पाच मिनिटांच्या आत, दोन्ही सांगितलं. फॉर्ममध्ये मात्र एकच रकाना होता.

त्या बिल्डिंगा म्हणजे पेगेएर, सरकारी शेती फार्म. इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्याला वाटतं कम्युनिस्ट देशात सगळी जमीन सरकारची. पोलंडमध्ये तसं नव्हतं, बहुतेक जमीन शेवटपर्यंत छोट्या शेतकऱ्यांकडंच राहिली, शेजारच्या देशांसारखं तिथं सामूहिकीकरण टिकलंच नाही. पण १९४५ नंतर जर्मनीकडून मिळालेल्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या पट्ट्यात मोठमोठे सरकारी फार्म उभे राहिले, आणि फार्म म्हणजे फक्त शेत नव्हे, घर, पाळणाघर, हॉल, दवाखाना, बस सगळं फार्मचंच. ऑक्टोबर १९९१ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या दोनेक वर्षांत हे सगळे फार्म बंद केले गेले. शेतकऱ्याकडं निदान स्वतःचा तुकडा होता, या मजुरांच्या नावावर काहीच नव्हतं. राहायचा फ्लॅट बहुतेकांना पदरात पडला, पण कामापासून चाळीस किलोमीटरवरचा फ्लॅट घेऊन काय करणार, आणि त्यात बस बंद. सरकारी बस कंपनी पेकाएस, तिचेही १९९० च्या सुमाराला शंभराच्या वर तुकडे केले, त्यातल्या कितीतरी पुढं बुडाल्या नाहीतर खेड्यांचे फेरे बंद करत गेल्या. ज्याच्या गावची मुक्कामाची एसटी बंद झालीय त्याला हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

आता काकांच्या प्रश्नातलं "लोकशाहीसाठी लढले" हे बघू. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या लेनिन शिपयार्डमध्ये आना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना निवृत्तीला पाचच महिने उरले असताना कामावरून काढलं, १४ तारखेला संप पेटला, आणि संपकऱ्यांनी २१ मागण्या प्लायवूडच्या फळ्यांवर रंगानं लिहून गेटवर टांगल्या. त्या फळ्या आजही ग्दान्स्कला बघायला मिळतात, युनेस्कोच्या यादीत आहेत. मी त्यांच्यासमोर खूप वेळ उभी राहिलेय. पहिली मागणी स्वतंत्र युनियनची, दुसरी संपाच्या हक्काची, तिसरी बोलण्या-छापण्याच्या स्वातंत्र्याची, राजकीय कैदी सोडा अशीही एक. आणि त्याच फळ्यांवर खाली वाचत जा, दवाखाने सुधारा, पाळणाघरात पुरेशा जागा द्या, बाळंतपणाची तीन वर्षांची पगारी रजा द्या, घरासाठीची वेटिंग लिस्ट कमी करा, शनिवारची सुट्टी द्या. सतरावी मागणी पाळणाघराची आहे, तिसरी भाषणस्वातंत्र्याची, लिहिणारे तेच, फळीही तीच. पुस्तकांमध्ये आपण वरच्या चार मागण्या वाचतो आणि म्हणतो लोकशाहीचा लढा. त्या माणसांनी मात्र असे दोन ढीग कधी केलेच नव्हते, त्यांच्या दृष्टीनं माणसासारखं जगणं म्हणजे हे सगळं मिळून.

१९८९ ला वरच्या मागण्या मिळाल्या. फेब्रुवारी ते एप्रिल सरकार आणि सॉलिडॅरिटी, म्हणजे त्या संपातून उभी राहिलेली युनियन, यांच्यात गोलमेज चर्चा झाली, ४ जूनला निवडणूक, संसदेच्या खालच्या सभागृहात ज्या ३५ टक्के जागा खुल्या ठेवल्या होत्या त्या सगळ्याच्या सगळ्या सॉलिडॅरिटीनं जिंकल्या आणि सिनेटच्या १०० पैकी ९९. मग १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांचा आर्थिक कार्यक्रम. मी त्याला सरसकट वाईट म्हणणार नाही, महागाई आभाळाला भिडली होती, दुकानं रिकामी होती, काहीतरी कठोर करणं भागच होतं. पण ज्या देशात बेकारी हा शब्द कागदावर नव्हता तिथं १९९३ पर्यंत सोळा टक्क्यांच्या आसपास लोक बेकार झाले, आणि पेगेएरच्या गावांत तर अख्खी बिल्डिंगच एका महिन्यात घरी बसली. फळीच्या वरच्या ओळी मिळाल्या, खालच्या ओळी उलट्या दिशेनं गेल्या.

आणि समाजाचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्या लोकांनी तेव्हा काय केलं, तर बऱ्याच जणांनी या माणसांनाच दोष दिला, हे मला आजही लागतं. युझेफ तिश्नर हे धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ, मोठा माणूस, सॉलिडॅरिटीचा आधार, पण "होमो सोव्हिएतिकस" हा शब्द पोलंडमध्ये त्यांच्यामुळं सगळ्यांच्या तोंडी बसला, म्हणजे कम्युनिझमनं घडवलेला, सरकारवर रेलून बसलेला माणूस. समाजशास्त्रज्ञ प्योत्र श्तोम्प्का यांनी १९९३ मध्ये मांडलं की त्या व्यवस्थेनं लोकांना बाजार आणि लोकशाहीला लागणाऱ्या सवयीच लागू दिल्या नाहीत. यात तथ्य नाही असं नाही. पण पहाटे चारला उठून दोनशे गाईंची धार काढणाऱ्या बाईला तुझ्यात उद्यमशीलता नाही म्हणून सांगायचं, आणि तिच्या गावाची बस बंद करायची, हे मला पटत नाही.

मला जास्त उपयोगी पडलं ते समाजशास्त्रज्ञ स्तेफान नोवाक यांचं जुनं निरीक्षण. १९७९ मध्ये त्यांनी लिहिलं की पोलिश माणसाला आपलं वाटतं ते घर, जवळचे मित्र, आणि मग एकदम राष्ट्र, मधल्या जागी काहीच नाही, पोकळी आहे. पुढच्याच वर्षी सॉलिडॅरिटी आली, जवळजवळ एक कोटी सभासद, साडेतीन कोटींच्या देशात, आणि वाटलं पोकळी भरली. मग १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लागला आणि ते सगळं चिरडलं गेलं. नोवाक कारखाने-फार्मना मधली जागा मानत नव्हते, पण मी त्या आजींकडं बसून ऐकलं तेव्हा वाटलं, की त्यांच्यासाठी कँटीन, बसमधल्या गप्पा, शनिवारचा हॉल हीच ती मधली जागा होती, सरकारनं दिलेली असली तरी माणसांनी आपली करून घेतलेली. १९९१ नंतर तीही गेली. मग टीव्हीवर वॉर्सा दिसायचं आणि इकडं घराच्या चार भिंती.

याचा मतदानावर परिणाम लगेच दिसला, आणि दिसूनही नीट वाचला गेला नाही. नोव्हेंबर १९९० ची राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक, सॉलिडॅरिटीचे नेते लेख वावेन्सा यांना पहिल्या फेरीत ४० टक्के, आणि दुसरे कोण, तर कॅनडाहून आलेला, कुणाला माहीत नसलेला स्तानिस्वाव तिमिन्स्की, २३ टक्के! पंतप्रधान माझोव्हिएत्स्की तिसरे, १८ टक्क्यांवर. १९९३ ला जुन्या कम्युनिस्टांचे वारसदार सत्तेत परत. २००१ ला रस्ते अडवणारे शेतकरी नेते आन्द्झेय लेप्पर यांच्या पक्षाला दहा टक्के. दर वेळी बातमी एकच, लोकांना लोकशाही कळत नाही.

पण लोकांना थेट विचारलं तर? २०१९ मध्ये प्यू रिसर्च या अमेरिकन सर्व्हे संस्थेनं विचारलं, अनेक पक्षांची व्यवस्था आली हे बरं झालं का, पोलंडमध्ये ८५ टक्के हो म्हणाले. रशियात ४३. म्हणजे पूर्वी बरं होतं म्हणणारी आणि लोकशाही आली ते बरं झालं म्हणणारी माणसं एकाच देशात आहेत, कितीतरी वेळा एकाच स्वयंपाकघरात, आणि त्या माझुरीच्या आजींसारखी एकाच खुर्चीत. अर्थात सर्व्हेवरही तिथं जपूनच विसंबावं लागतं. सरकारी सर्व्हे संस्था सेबोस स्थापन झाली तीच १९८२ मध्ये, लष्करी कायदा चालू असताना, तेव्हाच्या सत्तेनंच काढली. फॉर्म घेऊन दारात आलेल्या माणसाकडं म्हातारी माणसं अजून जरा जपून बघतात. म्हणून मला पोलपान हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, १९८८ मध्ये, म्हणजे जुनी व्यवस्था असतानाच सुरू झाला, आणि दर पाच वर्षांनी त्याच माणसांकडं परत जातो. एकदा विचारून निघून न जाता परत जाणं, यात फार फरक पडतो.

मग २०१५ ला पीस, म्हणजे "कायदा आणि न्याय" हा उजवा पक्ष, सत्तेत आला आणि एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढं प्रत्येक मुलामागं महिना ५०० झ्वोती (तिथलं चलन) सुरू झाले, २०१९ पासून पहिल्या मुलालाही, आणि बंद झालेल्या बस परत आणू हेही वचन त्याच वर्षी दिलं. फळीच्या खालच्या ओळी कुणीतरी पस्तीस वर्षांनी वाचल्या होत्या. आणि वरच्या ओळी त्याच हातानं पुसायला घेतल्या, घटना न्यायालय आपल्या माणसांनी भरलं, न्यायाधीशांवर दबाव, सरकारी टीव्ही म्हणजे पक्षाचा भोंगा. हे मी माफ करत नाही. पण ५०० झ्वोतींना मतं विकली म्हणणाऱ्यांशी मी भांडते, कारण सतरावी मागणी मागणाऱ्याला लाचखोर म्हणायचं तर तिसरी मागणीही त्याचीच होती हे विसरावं लागतं.

आणि मग १५ ऑक्टोबर २०२३. ७४ टक्के मतदान, १९८९ च्या ४ जूनपेक्षाही जास्त. व्रोत्स्वाफच्या यागोद्नो भागात रात्री तीनच्या सुमारापर्यंत रांग होती, थंडीत, आणि आसपासची माणसं रांगेतल्यांना चहा, पिझ्झा आणून देत होती. पीसची सत्ता गेली.

पुढच्या वर्षी मी त्या आजींकडं परत गेले. सपाता त्याच, ग्लास तेच. विचारलं, मत दिलं का? म्हणाल्या दिलं की. कुणाला ते मी विचारलं नाही. पण तुम्ही गेलात कसं, केंद्र तर लांब आहे? तर चेहरा उजळला. त्या वर्षी कायदा बदलला होता, जिथं बस नाही अशा ग्रामीण भागात मतदारांसाठी पंचायतीनं फुकट गाडी सोडायची. "बस आली होती," म्हणाल्या, "जुन्या थांब्यावरच थांबली. आम्ही अकरा जणी होतो, मी सगळ्यांना किती वर्षांनी एकत्र बघितलं." मग चहा पुढं सरकवला आणि म्हणाल्या, सोमवारी सकाळी मी परत थांब्यावर जाऊन उभी राहिले, म्हटलं बघावं येते का.