रुईवरचा टोळ आणि रात्रीचे शिकारी

रुईची पानं तोडताना आई दरवेळी बजावायची, "चीक डोळ्यात जाऊ देऊ नको गं." शनिवारी मारुतीला माळ करायची म्हणून पंचगंगेकडच्या रस्त्यावरून मी अजूनही पानं आणते आणि तिचं ऐकते. त्या चिकात हृदयावर घाला घालणारी द्रव्यं असतात. पेशीतलं सोडियम बाहेर काढणारा पंपच ती बंद पाडतात.

आणि याच झुडपावर एक टोळ अख्खा जन्म काढतो! मोठा झाला की पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, लांबूनही नजरेत भरणारा. पिल्लं पिवळसर हिरवी, अंगावर लाल ठिपके. पिल्लाला जरा चिमटीत धरा, पाठीवरच्या छिद्रातून पातळ पिचकारी उडते, काही इंच लांब. त्याच्या पश्चिम आशियातल्या एका भाऊबंदाच्या ग्रंथीत तर झाडाकडून घेतलेलं हे विषच सापडलं आहे.

भडक रंग बघून पक्षी सावध होतो, हे पटतं. पण रात्री काय? आमच्या कसबा बावड्याच्या घरामागे अंधार पडला की चिचुंद्री भिंतीच्या कडेकडेनं चीं-चीं करत निघते. तिची नजर अधू, सगळी मदार नाकावर. (तिच्या अंगालाही असा दर्प की मांजर तिला मारतं, पण बहुधा खात नाही.) अशा शिकाऱ्यापुढे रंगाचा उपयोग शून्य. त्याला नाकात आणि जिभेवरच अडवावं लागतं.

यातला सगळ्यात थक्क करणारा कीटक म्हणजे बॉम्बार्डियर भुंगेरा. पोटात दोन कप्पे. एकात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसऱ्यात विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारी प्रथिनं. धोका दिसला की पहिल्यातलं मिश्रण दुसऱ्यात ढकलायचं, की झाला स्फोट! क्विनोन या रसायनाचा झोंबणारा फवारा 100 अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. कीटकशास्त्रज्ञ थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये हे तापमान मोजून दाखवलं. पुढे कळलं की हा फवारा सलग नसतो, सेकंदाला सुमारे 500 ठोके पडतात.

पण उंदीरही कच्चे नाहीत. अमेरिकेच्या वाळवंटात टोळखाऊ उंदीर आहेत. तिथले काळे भुंगेरे शेपटाकडून क्विनोनच सोडतात. हा उंदीर भुंगेऱ्याला दोन्ही हातांत धरतो, त्याचं बूड वाळूत खुपसतो आणि डोक्याकडून खायला लागतो. विष वाळूत जिरतं. शेवटी बुडाचं टोक तेवढं टाकून देतो. मला या युक्तीचं फार अप्रूप वाटतं.

मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळ्याला लाखो मोनार्क फुलपाखरं उतरतात, तीही रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढलेली, विषारी. त्या जंगलात उंदरांच्या बऱ्याच जाती आहेत, पण या फुलपाखरांवर ताव मारते ती मुख्यतः एकच, काळ्या कानांची.